नाव सांगायला कुणी उरलं नव्हतं, पण बाण कधी सोडायचा हे तो जगाला शिकवून गेला

कर्जत आणि खालापूरच्या पट्ट्यात डोंगराच्या कडेला भातशेती असली की तिथं एखादा माळा हमखास दिसतो. चार बांबू, वर फळ्या किंवा कुडाचा तळ, डोक्यावर पेंढा आणि चढायला शिडी. रात्री रानडुकरं पिकात घुसू नयेत म्हणून राखणीला बसायची ही जागा. हाच माळा झाडावर बांधला आणि वर राखणदाराऐवजी शिकारी बसला की त्याला मचाण म्हणायचे.

आता एक प्रश्न. समजा तुम्ही अशा मचाणावर आहात. हातात बंदूक नाही, साधा तीरकमठा आहे. खालून एक भेकर येतंय. दहा-पंधरा पावलांवर येऊन थांबलंय. बाण नेमका कुठे मारायचा?

बहुतेक जण सांगतील, काळजात. सिनेमातही तसंच दाखवतात. पण तीरकमठ्याच्या शिकारीत या प्रश्नाआधी दुसरा प्रश्न येतो. बाण आत्ता सोडायचा की नाही?

भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आणली, त्यामुळे आपल्याकडे हा प्रश्न आता फक्त इतिहासापुरता उरलाय. पण अमेरिकेत आजही लाखो लोक परवाना काढून धनुष्यबाणानं हरणाची शिकार करतात. त्यांच्या या छंदाचं मूळ शोधत गेलं की आपण एका अशा माणसापाशी पोहोचतो, जो स्वतःच आयुष्यभर शिकार होता होता वाचला होता.

जग त्याला इशी म्हणतं. पण हे त्याचं नाव नव्हतं.

एकीकडे माथेरान, दुसरीकडे सोनं

1850 साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट खालापुरातल्या चौक गावाहून डोंगर चढून वर गेला आणि माथेरान साहेबांच्या नकाशावर आलं. डोंगर अर्थातच आधीपासून तिथंच होता. ठाकर, धनगर आणि कातकरी लोकांच्या पायाखालच्या त्या वाटा होत्या.

त्याच 1850 साली, इथून तेरा हजार किलोमीटरपेक्षा जास्त लांब, कॅलिफोर्निया हे अमेरिकेचं राज्य झालं. दोन वर्षांपूर्वी तिथं सोनं सापडलं होतं आणि जगभरातून माणसांचे लोंढे येत होते. सोन्यामागून गुरं आली, कुंपणं आली. डोंगरात राहणाऱ्या आदिवासींसाठी हा काळाचा घाला होता.

लॅसेन नावाच्या ज्वालामुखी पर्वताच्या पायथ्याशी मिल क्रीक आणि डिअर क्रीक असे दोन ओढे वाहतात. खोल दऱ्या, काटेरी झुडपं, उभे कडे. या भागात याही नावाचे लोक राहायचे. याना जमातीची ही सगळ्यात दक्षिणेकडची शाखा, फार तर काहीशे माणसांची. ओकच्या बियांचं पीठ, ओढ्यातला सामन मासा आणि हरणाचं मांस हे त्यांचं मुख्य अन्न.

1860 च्या आसपास याच लोकांत एक मुलगा जन्माला आला. तो चालायला लागला तेव्हा त्याच्या लोकांना पळावं लागत होतं.

गोऱ्या वस्तीकरांची गुरं आणि माणसांची शिकारीची हाव यामुळे रानातली हरणं कमी झाली. भुकेपोटी याही लोक गुरं मारायचे. त्याचा सूड म्हणून वस्तीकरांच्या टोळ्या वस्त्यांवर चालून यायच्या. 1865 च्या सुमाराला मिल क्रीकच्या काठी, थ्री नोल्स नावाच्या जागी पहाटेच्या वेळी अशीच एक टोळी आली. सुमारे 40 जण मारले गेले. या मुलाचे वडील त्यातच गेले असं मानलं जातं. तो आणि त्याची आई वाचली. 1871 च्या सुमाराला एका गुहेत लपलेल्या 30 हून जास्त याहींना चार गुराख्यांनी मारलं. त्यात बायका आणि लहान मुलंही होती.

योगायोग बघा. 1865 साली भारतात इंग्रजांनी पहिला वन कायदा केला आणि 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा. रायगडच्या डोंगरातल्या कातकऱ्यांवरही पुढे हाच गुन्हेगार जमातीचा शिक्का बसला. खैराच्या झाडापासून कात काढायचा म्हणून तो कातकरी. पण झाड सरकारचं झालं आणि कात काढणारा चोर ठरला. कॅलिफोर्नियात बंदूक चालली, इथं कायदा चालला. रान मात्र दोन्हीकडे हातातून गेलं.

चाळीस वर्षं लपून

1870 नंतर याही संपले असंच सगळ्यांनी धरून चाललं. पण मूठभर माणसं जिवंत होती. ती पुढची जवळपास 40 वर्षं डिअर क्रीकच्या दरीत लपून राहिली.

लपून म्हणजे किती? तर ओढ्याच्या दगडांवर पाय टाकत चालायचं, म्हणजे मातीवर पाऊल उमटत नाही. झुडपं तोडून वाट करायची नाही, खालून रांगत जायचं. चूल छोटी, म्हणजे धूर दिसत नाही. झोपड्यांवर झाडाच्या फांद्या अशा टाकायच्या की वरून बघणाऱ्याला नुसतं झाडच वाटावं. कड्यावरून पाण्यापर्यंत उतरायला दोर.

आणि शिकार फक्त धनुष्यबाणानं. कारण सरळ होतं. बंदुकीचा बार दरीत मैलभर ऐकू गेला असता आणि तोच त्यांचा शेवट ठरला असता. बाणाला आवाज नव्हता.

या मुलाचं सगळं तरुणपण असं गेलं. इतरांना जे शिकारीत कधीतरी करावं लागतं ते त्याला रोज, प्रत्येक तासाला करावं लागत होतं. वारा कुठून येतोय, समोरचा कुठे बघतोय, आपली सावली कुठे पडतेय. हरणासाठी दबा धरतानाही हेच आणि माणसांपासून लपतानाही हेच.

नोव्हेंबर 1908 मध्ये वीज प्रकल्पासाठी मोजणी करणारे काही लोक डिअर क्रीकमध्ये उतरले. ओढ्यात भाल्यानं मासे मारणारा एक माणूस त्यांना दिसला. दुसऱ्या दिवशी ते त्याच्या वस्तीपर्यंत पोहोचले. दोन माणसं पळताना दिसली, एक म्हातारा आणि एक बाई. ती बाई इशीची बहीण किंवा चुलत बहीण असावी. झोपडीत एक म्हातारी घोंगड्यांखाली पडलेली होती, चालता न येणारी. ती त्याची आई.

मोजणीवाल्यांनी म्हातारीला काही केलं नाही. पण जाताना वस्तीतल्या वस्तू उचलून नेल्या. धनुष्य, बाण, टोपल्या, कातडी. त्यांच्यासाठी ती आठवण म्हणून न्यायची चीज होती. पण त्या लोकांचं पोट त्याच सामानावर होतं आणि थंडी तोंडावर आली होती.

पळालेली दोघं परत कधीच दिसली नाहीत. आई काही दिवसांत गेली. त्यानंतर जवळपास तीन वर्षं तो त्या दरीत एकटा होता.

कत्तलखान्याच्या कुंपणाशी

29 ऑगस्ट 1911. ओरोव्हिल गावाबाहेरच्या एका कत्तलखान्याच्या कुंपणाशी कुत्री भुंकायला लागली. कामगार बाहेर आले तर एक पन्नाशीचा माणूस तिथं बसलेला. उपाशी, दमलेला. डोक्यावरचे केस जाळून आखूड केलेले, घरचं माणूस गेल्याचं सुतक म्हणून. त्याची भाषा कुणालाच कळेना.

गावच्या शेरिफनं त्याला तुरुंगाच्या कोठडीत ठेवलं. गुन्हा काही नव्हता, गर्दीपासून वाचवायला दुसरी जागा नव्हती. बातमी पेपरात आली आणि कॅलिफोर्निया विद्यापीठातले मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर आणि थॉमस वॉटरमन यांच्या कानावर गेली. वॉटरमन याना भाषेतल्या शब्दांची यादी घेऊन कोठडीत पोहोचला आणि एकेक शब्द वाचायला लागला. समोरचा माणूस नुसता बघत होता. शेवटी वॉटरमननं पिवळ्या पाइन झाडाचा शब्द उच्चारला आणि खाटेच्या लाकडी चौकटीवर बोट ठेवलं. त्या माणसाचा चेहरा एकदम उजळला. तीन वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी त्याच्या भाषेतला शब्द बोललं होतं.

त्याला सॅन फ्रान्सिस्कोला विद्यापीठाच्या संग्रहालयात आणलं. पेपरवाले नाव विचारायला लागले. पण याही रीतीप्रमाणे स्वतःचं नाव स्वतः सांगायचं नसतं, आपल्या माणसानं ओळख करून द्यायची असते. ओळख करून देणारं कुणी उरलंच नव्हतं. मग क्रोबरनं त्याच्याच भाषेतला माणूस या अर्थाचा शब्द त्याला दिला. इशी.

खरं नाव त्यानं शेवटपर्यंत कुणालाही सांगितलं नाही.

एक सर्जन शिष्य झाला

इशी संग्रहालयातच राहायला लागला. झाडलोट, देखरेख अशी कामं करायचा आणि महिन्याला 25 डॉलर पगार घ्यायचा. रविवारी लोक यायचे तेव्हा तो त्यांना बाणाची टोकं करून दाखवायचा. ज्वालामुखीची काळी काच घ्यायची आणि हरणाच्या शिंगाच्या टोकानं दाब देत देत तिचे कपचे उडवायचे. ती काच नसली तर बाटलीची काच. पात्यासारखं धारदार टोक तयार व्हायचं.

उंच इमारतींचं त्याला फार कौतुक नव्हतं. त्याच्या दरीतले कडे त्याहून उंच होते. त्याला धक्का बसला तो गर्दीचा. एवढी माणसं एका ठिकाणी असू शकतात हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.

संग्रहालयाच्या शेजारीच विद्यापीठाचं हॉस्पिटल होतं. तिथं सॅक्स्टन पोप नावाचे सर्जन होते. इशीच्या तब्येतीकडे बघता बघता 1912 मध्ये त्यांची दोस्ती झाली. इशी त्यांना कुवी म्हणायचा, म्हणजे वैदू. या डॉक्टरांना धनुष्यबाणाचं वेड लागलं आणि चाळिशीकडे झुकलेला सर्जन इशीचा शागीर्द झाला.

इशीचं धनुष्य बघून कुणालाही ते खेळणं वाटलं असतं. जेमतेम साडेतीन-चार फूट लांब. डोंगरी जुनिपरच्या लाकडाचं, पाठीवर हरणाच्या तातीचा थर, तो सामन माशाच्या कातडीपासून केलेल्या सरसानं चिकटवलेला. ओढ लागायची साधारण 40 पौंड, म्हणजे 18 किलोच्या आसपास. आजच्या अमेरिकन शिकाऱ्याचं धनुष्य यापेक्षा बरंच ताठ असतं.

मारायची पद्धतही वेगळी. युरोपातले धनुर्धारी ताठ उभे राहून, धनुष्य उभं धरून, दोरी चेहऱ्यापर्यंत ओढायचे. इशी बसून, धनुष्य तिरपं धरून, अंगठ्यानं दोरी ओढायचा आणि छातीपाशी आणून सोडायचा. झुडपाआड बसलेल्या माणसाला हीच पद्धत सोयीची. उभं राहिलं की दिसलंच.

आता गंमत अशी की गोल निशाणावर नेम लावायच्या स्पर्धेत इशी फार काही खास नव्हता. थोड्या सरावानंतर पोपच त्याच्या पुढे गेले. लांबवरच्या रंगीत चकतीवर बाण का मारायचा हेच इशीला पटायचं नाही. पण रानात गेलं की हिशोब उलटा व्हायचा. तिथं शिष्य आवाज करायचा, घाई करायचा. आणि गुरू नुसता बसून राहायचा.

बाण कुठे आणि कधी

इथं सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ.

बंदुकीची गोळी लागली की तिच्या वेगाचा जबर धक्का बसतो, आतलं मांस फाटतं, हाडं फुटतात. बाणाचं तसं नसतं. बाण म्हणजे लांबून मारलेली सुरी. तो कापतो आणि रक्तस्रावानं जनावर मरतं. पोप स्वतः सर्जन असल्यामुळे त्यांना हे नीट माहीत होतं. म्हणून बाणासाठी सगळ्यात योग्य जागा म्हणजे छातीचा पिंजरा, पुढच्या पायाच्या लगेच मागे. तिथं दोन्ही फुप्फुसं आणि त्यांच्यामध्ये खालच्या बाजूला काळीज असतं. नुसत्या काळजावर नेम धरला तर लक्ष्य मुठीएवढं. फुप्फुसांवर धरला तर मोठ्या ताटलीएवढं. दोन्ही फुप्फुसांतून बाण गेला तर हरीण काही सेकंदांत कोसळतं.

पण जरा पुढे लागला तर फऱ्याचं हाड आड येतं आणि बाण अडतो. जरा मागे लागला तर पोटात जातो. मग ते जनावर मैलोन् मैल पळतं, तासन् तास तडफडतं आणि बऱ्याचदा सापडतही नाही. म्हणजे एक वीतभर चूक झाली की शिकाऱ्याच्या हाती काही लागत नाही आणि हरणाच्या वाट्याला मात्र हालहाल येतात.

म्हणून हरीण कसं उभं आहे हे महत्त्वाचं. आडवं उभं असेल तर उत्तम. थोडं पाठ फिरवून तिरपं असेल तरी चालतं, कारण बाण बरगड्यांमधून पुढे छातीत जातो. तोंड आपल्याकडे असेल तर सोडायचा नाही. पूर्ण पाठमोरं असेल तरी नाही.

मचाणावर बसलं की यात आणखी एक भर पडते, ती कोनाची.

समजा मचाण 6 मीटर उंच आहे आणि हरीण बुंध्यापासून 8 मीटरवर आहे. डोळ्यापासून हरणापर्यंतची तिरपी रेघ 10 मीटरची होते. शाळेतला पायथागोरस इथं कामाला येतो. बाण किती खाली येईल हे मुख्यतः आडव्या अंतरावर ठरतं, म्हणून नेम 8 मीटरचा धरायचा. नवशिके 10 चा धरतात आणि बाण वरून जातो. एवढ्या जवळून हा फरक किरकोळ असतो, अंतर आणि उतार वाढला की तो महागात पडतो.

खरी अडचण शरीराच्या आत असते. या उदाहरणात बाण सुमारे 37 अंशांनी खाली उतरतो. म्हणजे तो एका बाजूनं वर शिरणार आणि दुसऱ्या बाजूनं बराच खाली बाहेर पडणार. त्यामुळे जाणता शिकारी बाण शिरायची जागा बघत नाही, बाहेर पडायची जागा डोळ्यांसमोर आणतो. पलीकडच्या पुढच्या पायाजवळून तो बाहेर यायला हवा. त्या जागेपासून उलटी रेघ ओढली की नेम कुठे धरायचा ते कळतं.

हरीण अगदी बुंध्याखाली आलं तर लोकांना वाटतं, आता तर हातातच आलं. खरं तर तो सगळ्यात वाईट क्षण असतो. वरून सरळ खाली पाहिलं की मधे पाठीचा कणा येतो. तो चुकवला तरी बहुतेक वेळा एकच फुप्फुस सापडतं, आणि एका फुप्फुसावर हरीण खूप लांब जाऊ शकतं. अशा वेळी करायचं काय? काहीच नाही. त्याला चालू द्यायचं. ते 16 मीटरवर गेलं की कोन 20 अंशांच्या आसपास येतो. तोवर ते आडवं झालं तर ठीक, नाहीतर आजचा दिवस गेला.

इशी मचाणावर बसत नव्हता. तो हरणाच्या वाटेवर खडकाआड किंवा झुडपाआड बसायचा. झाडावर चढून बसण्याची पद्धत अमेरिकन धनुर्धाऱ्यांमध्ये पुढे रूढ झाली. पण हे जे काहीच न करणं आहे, त्यात त्याचा हातखंडा होता.

शिकारीच्या आधी तो तंबाखू सोडायचा, मासे खायचा नाही, सकाळी अंघोळ करून निघायचा, म्हणजे अंगाला वास राहत नाही. वारा हरणाकडून आपल्याकडे येईल अशीच जागा धरायचा. गरज पडली तर पानाची पिपाणी करून पाडसाचा आवाज काढायचा. कधी हरणाचं भरलेलं डोकं स्वतःच्या डोक्यावर बांधून झुडपावरून थोडं थोडं दाखवायचा. हरणांना कुतूहल आवरत नाही, ती बघायला जवळ येतात. बोटं ओठांवर धरून चुंबनासारखा आवाज काढून तो सशांनाही बोलवायचा. पोपनी एकदा 12 वेगवेगळ्या जागी हा प्रयोग बघितला. पाच ससे आणि एक रानमांजर आलं.

थोडक्यात, बाण लांब मारायचा नाही, जनावराला जवळ आणायचं. ते जवळ येऊन, शांत उभं राहून, योग्य बाजूला वळेपर्यंत थांबायचं. हे सगळं जुळलं की नेम धरणं फार अवघड राहत नाही. पोप लांबून चकती फोडायला शिकले होते, त्यांना हे थांबणं इशीकडून शिकावं लागलं.

परत त्याच दरीत

1914 च्या उन्हाळ्यात क्रोबर, वॉटरमन, पोप आणि पोप यांचा लहान मुलगा इशीला घेऊन डिअर क्रीकला गेले. त्याला जायचं नव्हतं. त्याच्या लेखी ती मेलेल्या माणसांची जागा होती. पण तिथं गेल्यावर तो हळूहळू रमला. कुठल्या कड्याचं नाव काय, कुठे हरणाची वाट, कुठे अस्वल भेटलं, कुठे दोर बांधून उतरायचो, सगळं दाखवलं. त्यावरून त्या भागाचा याही नावांचा नकाशा तयार झाला. त्याच्या गोष्टी आणि गाणी मेणाच्या नळकांड्यांवर ध्वनिमुद्रित झाली. त्याच्याशिवाय ती भाषा बोलणारं जगात कुणीच नव्हतं.

1915 च्या उन्हाळ्यात भाषाशास्त्रज्ञ एडवर्ड सपीर त्याच्यासोबत रोज तासन् तास बसून याही भाषा लिहून घेत होता. त्याच सुमाराला इशीची तब्येत ढासळली. शहरानं त्याला जे दिलं त्यात क्षयरोगही होता. 25 मार्च 1916 रोजी तो गेला.

इशीला मेलेल्या देहाची चिरफाड अजिबात मान्य नव्हती. क्रोबर तेव्हा न्यूयॉर्कला होते. त्यांनी तिथून निक्षून लिहिलं की शवविच्छेदन करू देऊ नका. पत्र पोहोचेपर्यंत उशीर झाला होता. शवविच्छेदन झालं, मेंदू काढून ठेवला गेला. बाकी देहाचं दहन झालं. सोबत त्याचं धनुष्य, पाच बाण, ओकच्या पिठाची टोपली, शिंपल्यांचे मणी आणि तंबाखू ठेवला.

आणि मग ज्या क्रोबरनी विरोध केला होता, त्यांनीच तो मेंदू 1917 मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला पाठवून दिला. मित्र म्हणून एक भूमिका, शास्त्रज्ञ म्हणून दुसरी. तो मेंदू तिथं 80 वर्षांहून जास्त काळ राहिला. बहुतेक जगाला त्याचा पत्ताच नव्हता. 1990 च्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियातल्या आदिवासींनी शोध लावून धरला. शेवटी तो याना वंशजांच्या ताब्यात आला आणि ऑगस्ट 2000 मध्ये अस्थींसोबत त्याच्या मुलखात पुरला गेला. जागा गुप्त ठेवली आहे. लपून राहण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला शेवटी तेवढं मिळालं.

मागे काय राहिलं

पोपनी 1923 मध्ये धनुष्यबाणाच्या शिकारीवर पुस्तक लिहिलं. त्यात इशीवर अख्खं प्रकरण आहे. आर्ट यंग या मित्रासोबत ते आफ्रिकेपर्यंत धनुष्य घेऊन गेले. यंगचा सिनेमा बघून फ्रेड बेअर नावाचा तरुण या छंदात पडला आणि पुढे त्यानं धनुष्यांचा मोठा कारखाना उभा केला. 1961 मध्ये पोप आणि यंग यांच्या नावानं धनुर्धारी शिकाऱ्यांची संस्था निघाली. त्याच वर्षी क्रोबर यांच्या पत्नी थिओडोरा यांनी लिहिलेलं इशीचं चरित्र आलं आणि त्याची गोष्ट घराघरांत पोहोचली.

पण यात एक बोचणारी गोष्ट आहे. बाण सोडण्याची कला जगाला मिळाली. ज्या लोकांनी ती पिढ्यान् पिढ्या जपली, त्यांच्यातलं मात्र कुणीही उरलं नाही. इशीनं केलेल्या बाणांच्या टोकांचा अभ्यास करून 1996 मध्ये एका संशोधकानं दाखवलं की त्यांची घडण याहींपेक्षा शेजारच्या जमातींशी जास्त जुळते. म्हणजे त्याचं मूळ मिश्र असावं किंवा त्यानं ही विद्या शेजाऱ्यांकडून घेतली असावी. खरं काय ते सांगायला कुणी नाही.

आपल्या कर्जत-खालापूरच्या वाड्यांवर मात्र अजून माणसं आहेत. तीरकमठा, गलोल, फासे यांच्यावर एकेकाळी जगलेली कातकरी जमात आज सरकारी यादीत विशेष असुरक्षित आदिवासी गटात मोडते. महाराष्ट्रात असे तीनच गट आहेत, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. बरीच कुटुंबं पावसाळा संपला की वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या कामावर बाहेर पडतात. कातकरी बोली बोलणारे कमी होत चाललेत, पोरं मराठीत वाढतायत.

शिकार परत यावी असं कुणी म्हणणार नाही, आणि कायदाही ते होऊ देणार नाही. पण भेकर कुठल्या वाटेनं पाण्यावर येतं, वारा फिरला की काय करतं, कुठला कंद कधी खोदायचा, हे सांगू शकणारी म्हातारी माणसं अजून या डोंगरांत भेटतात. त्यांच्या वाडीत मोजणीवाले, रिसॉर्टवाले आणि फार्महाऊसवाले आता रोज येतात.

डिअर क्रीकच्या झोपडीत 1908 साली मोजणीवाले शिरले तेव्हा त्यांनी धनुष्य उचललं, बाण उचलले, टोपल्या उचलल्या. घोंगड्यांखाली पडलेल्या म्हातारीचं नाव काय, हे मात्र आजवर कुणालाच कळलेलं नाही.